टेलिफोनवाल्या मावशींचा गप्पांचा तास

टेलिफोनवाल्या मावशींनी तीस वर्षं एका दवाखान्याचे फोन जोडून दिले. त्यांना दिसत नसे, पण पलीकडचा माणूस कंटाळलाय की घाईत आहे, हे नुसत्या श्वासावरून कळे. निवृत्तीनंतर त्या अंध मुलींच्या शाळेत गप्पा मारायला शिकवू लागल्या.

तिथल्या एका मुलीला सगळ्या ‘रेडिओ’ म्हणत. ती एकदा सुरू झाली की थांबायचं नाव नाही. ऐकणारी गुपचूप सटकायची आणि रेडिओ रिकाम्या खुर्चीशी बोलत राहायची. मग हशा पिकला की बिचारी रडकुंडीला यायची.

“अधूनमधून प्रश्न विचारावा,” मावशी म्हणाल्या. “उत्तर नाही आलं, तर समज, पाखरू उडालं.”

दुसऱ्याच दिवशी रेडिओ सहलीच्या गमती सांगत असताना मुख्याध्यापिकाबाई हळूच उठल्या.

“तुम्हाला काय वाटतं, बाई?” रेडिओनं विचारलं. उत्तर नाही. दाराशी चपला तेवढ्या वाजल्या.

“बाई, जाताना ‘येते’ म्हणावं!” ती खणखणीत आवाजात म्हणाली.

बाई ओशाळून मागे वळल्या. “चुकलंच गं माझं. येते हं.”

पुढच्या आठवड्यापासून मावशींच्या तासाला सगळ्या शिक्षिकाही येऊन बसू लागल्या.