अस्सलबाबूंची पत्रके

१९५४ सालच्या जानेवारीत आर्वीच्या तहसील कचेरीतले नक्कलनवीस रजेचा अर्ज न देता एक दिवस गैरहजर राहिले. त्या दिवशी ते नागपूरला एका कापड गिरणीच्या कार्यालयात होते. एकोणीस वर्षांच्या नोकरीत असे पहिल्यांदाच घडले.

गावात त्यांना अस्सलबाबू म्हणत. जुन्या कागदांच्या नकला करणे हे त्यांचे काम. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवरून बोट फिरवायचे, याला रुजुवात म्हणतात. बाबू घरीही रुजुवातीशिवाय काही मानत नसत. पाहुणे आल्याचे बायकोने आत येऊन सांगितले, तरी "कशावरून?" असे विचारून ते स्वतः ओट्यावर जाऊन पाहत. पाहुण्यांना हा प्रश्न बाहेर ऐकू येई.

त्यांना नाद होता फुटबॉलच्या सामन्यांची पत्रके जमवण्याचा. सामन्याच्या दिवशी सकाळी गावातल्या छापखान्यात एक पातळ ताव छापला जाई. मधोमध घडी, आत दोन्ही संघांची नावे, मागे सायकल दुकानाची किंवा विडीची जाहिरात. दुपारी ते फाटकावर विकत. लोक ते वाचत आणि मग खाली घालून त्यावर बसत. सामना संपण्याच्या सुमारास बाबू कडेने फिरू लागत.

"जरा उठता का भाऊ? पुलगावची टीम तुमच्या खाली हाय."

"अजून दहा मिनिटं हायेत ना बाबू! काऊन उठवून राह्यले?"

"तुम्ही खेळ पाहा. मले फक्त कागद पाह्यजे."

लोक शिव्या देत उठत. मैदानावरच्या निम्म्या लोकांना शेवटचा गोल कसा झाला हे त्यामुळे कधी कळले नाही.

खरे पत्रक ओळखण्याची त्यांची पद्धत त्यांनी प्रत्येकाला, न विचारता, सांगितलेली होती. स्पर्धा संपली की भरवणारी मंडळी देणगीदारांना वाटण्यासाठी तेच पत्रक पुन्हा छापून घेत. त्यात जे खरोखर खेळले त्यांची नावे घालत. कागद जाड असे, छपाई स्वच्छ असे. बाबूंच्या लेखी ती नक्कल. अस्सल पत्रकाची घडी शाई ओली असतानाच घातलेली असे, म्हणून एका पानावरची नावे समोरच्या पानावर उलटी, फिकट उमटत. आणि दुसरी खूण म्हणजे चूक. सकाळी छापलेल्या कागदाला संध्याकाळी कोण आजारी पडेल हे ठाऊक नसते.

"अस्सल कागद चुकतो," ते म्हणत. "सगळं बरोबर दिसलं की समजा, मागाहून छापलं हाय."

मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाला सामन्यांच्या बातम्या पाठवीत असे. माझ्या बातमीत चूक नसल्याबद्दल त्यांनी मला दोनदा टोकले. "सामन्यानंतर लिहिली ना? मंग ती नक्कलच झाली." या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे तिसऱ्या वेळेपर्यंत माझ्या लक्षात आले.

१९५३ च्या डिसेंबरात आर्वीच्या मैदानावर अंतिम सामना झाला. पत्रकात आर्वीचा गोलकीपर म्हणून मनोहरचे नाव होते. तो हिंगणीला लग्नाला गेला आणि वेळेवर परतला नाही. त्याच्या जागी जिनिंगमध्ये रुई दाबण्याचे काम करणारा पुंडलिक उभा राहिला. त्याने शेवटच्या पाच मिनिटांत पेनल्टी अडवली आणि आर्वी जिंकली. बाबू त्या वेळी गोलाच्या मागे, जाळीला लागून उभे होते.

ही पेनल्टी नागपूरपर्यंत गाजली. एका गिरणीला आपल्या संघासाठी गोलकीपर हवा होता. गिरणीच्या लेबर ऑफिसरने निरोप धाडला, की त्या सामन्यात जो गोलात होता त्याने तसे दाखवणारा कागद घेऊन यावे, कायमची नोकरी मिळेल. जिनिंगचे काम हंगामी होते. होळीनंतर पुंडलिक दर वर्षी रिकामा बसे, आणि घरात आईखेरीज दोन लहान बहिणी होत्या.

निरोप मनोहरलाही कळला. तो सामन्याचे पत्रक घेऊन बाबूंकडे आला.

"बाबू, हे अस्सल हाय का पाहून देजा."

बाबूंनी ते उजेडात धरले, उलटी उमटलेली नावे पाहिली, कागद चिमटीत घेऊन पाहिला. त्यांना फार आनंद झाला. मागच्या बाजूला त्यांनी शाईने लिहिले, 'तपासले. पत्रक अस्सल आहे.' खाली सही, तारीख आणि हुद्दा. मनोहर कशासाठी आला, हे त्यांनी विचारले नाही. मनोहर दुसऱ्या दिवशी नागपूरला गेला.

चार दिवसांनी पुंडलिक देणगीदारांसाठीचे पत्रक घेऊन गेला. त्यात त्याचे नाव होते. लेबर ऑफिसरने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि जाड, स्वच्छ कागद परत केला. दुसऱ्यावर सरकारी नक्कलनवीसाची सही होती.

पुंडलिक परत आला तो सरळ बाबूंच्या घरी. मी तिथे होतो.

"बाबू, गोलात कोण होतं?"

"तूच होता."

"मंग मनोहरले काऊन लिहून देल्लं?"

"मी मनोहरचं काहीच लिहिलं नाई. कागदाचं लिहिलं. कागद अस्सलच हाय."

बाबूंची बायको आतून बाहेर आली. "त्या पोट्ट्यानं गोल वाचवला, अन् तुम्ही कागद वाचवून राह्यले! याच्या मायले काय सांगता आता? कागद अस्सल हाय म्हणून?"

बाबूंनी नागपूरला जाण्यासाठी दुसऱ्या दिवशीच्या पुलगावच्या गाडीची वेळ विचारली. कचेरीत आधी अर्ज द्या, असे मी सुचवले. मंजुरी यायला आठ दिवस लागतात, असे ते म्हणाले, आणि ते खरे होते.

गिरणीच्या कार्यालयात जे झाले ते पुंडलिकने सांगितले. बाबूंनीही त्याला दुजोरा दिला.

"ही सही तुमची?" लेबर ऑफिसरने विचारले.

"माझी."

"पत्रक खरं आहे?"

"अस्सल आहे."

"मग तुम्ही आलात कशाला?"

"पत्रक अस्सल आहे, साहेब. त्यातलं गोलकीपरचं नाव खोटं ठरलं. गोलात हा होता. मी मागे उभा होतो. चेंडू याच्या डाव्या हाताले लागला अन् करंगळी सुजली. पाहा, अजून सरळ होत नाई."

ऑफिसरने करंगळी पाहिली. 'अस्सल' हा शब्द खोडून द्या, असे त्याने सांगितले. बाबूंनी नकार दिला. अर्धा तास यावरच गेला. पुंडलिक म्हणतो, त्या अर्ध्या तासात त्याला बाबूंचा गळा धरावासा वाटला. शेवटी बाबूंनी कोरा कागद मागितला, सामन्याची हकीकत स्वतःच्या हाताने दोन पाने लिहिली आणि 'समक्ष पाहिले' असे लिहून सही केली.

पुंडलिक फेब्रुवारीत गिरणीत रुजू झाला.

कचेरीने बाबूंकडे गैरहजेरीचा खुलासा मागितला. ताप आला होता असे लिहा, असे हेडक्लार्कने स्वतः सुचवले. बाबूंनी लिहिले, 'फुटबॉलच्या सामन्याबाबत साक्ष देण्यास नागपूरला गेलो होतो.' हेडक्लार्कने तो कागद त्यांच्यापुढे तीन वेळा परत ठेवला. तिन्ही वेळा तो तसाच परत गेला.

मे महिन्यात त्यांची आष्टीच्या पलीकडच्या एका लहान कचेरीत बदली झाली. त्या गावात फुटबॉल खेळला जात नव्हता.