अध्यक्षांच्या खुर्चीचा डावा पाय

मिस्त्रींना राजकारणातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना लाकूड कळायचं आणि बायको कळायची, त्यातही लाकूड जरा जास्त. पाणीपुरवठा कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे बसणारी त्यांची बायको आमदारकीच्या निवडणुकीला उभी राहिली, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "प्रचाराच्या पाट्या किती लागतील?" आणि मागच्या शेडमध्ये जाऊन फळ्यांवर रंधा मारायला घेतला.

बाई निवडून आल्या आणि सगळ्यांच्या ताई झाल्या. पहिल्याच आठवड्यात एक ठेकेदार घरी आला आणि बोलता बोलता त्याने खोलीचं दार हळूच लोटून घेतलं. ताईंनी उठून ते उघडलं. त्याने पुन्हा लोटलं. तो गेल्यावर ताईंनी शेडकडे तोंड करून हाक मारली, "अहो, हे दार काढून टाका बघू!" मिस्त्रींनी बिजागऱ्या सोडवल्या. तेव्हापासून आमदारांच्या खोलीतला शब्द न् शब्द स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा, आणि ज्यांना ते चालत नसे ते पुन्हा फिरकत नसत. थंडीत मिस्त्रींना गार वारा बाधायचा. पण तक्रार करणार कुणाकडे? तक्रारींची खिडकी तर त्यांच्याच घरी नांदत होती.

सभागृहातही ताईंनी हाच हेका धरला. आमदाराच्या घरच्या माणसांनी सरकारी काम घ्यायचं नाही, असा कायदा त्यांना हवा होता. विधेयक एकदा पडलं, दुसऱ्यांदाही पडलं. "ताई, आमच्या मेव्हण्यांनी काय हवा खायची का?" असं म्हणून लोक हसायचे. ताई हसण्यात सामील व्हायच्या आणि पुढच्या अधिवेशनात तेच विधेयक घेऊन पुन्हा उभ्या राहायच्या. चिकट बाई!

पण मिस्त्रींचीही एक हौस होती. सभागृहातलं जुनं फर्निचर बदलायचं ठरलं होतं, आणि त्यात अध्यक्षांची उंच पाठीची खुर्चीही नवी करायची होती. त्या खुर्चीने मिस्त्रींच्या मनात घर केलं होतं. जेवता जेवता ते ताटाच्या कडेला बोटाने तिच्या पाठीची कमान काढत. सागाची एक जुनी, मुरलेली फळी त्यांनी कितीतरी गिऱ्हाइकांना नाही म्हणून राखून ठेवली होती. आयुष्यात एकच काम मनासारखं करायला मिळालं तर ते हेच असावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. ताईंना हे ठाऊक होतं. पण दोघंही त्यावर बोलत नसत.

तिसऱ्यांदा विधेयक मतदानाला आलं, तेव्हा मिस्त्री प्रेक्षकांच्या सज्जात होते. विरोधी बाजूचा एक आमदार उठला. मनाने चांगला माणूस होता तो. म्हणाला, "ताई, एवढी एक सूट द्या. हाताने काम करणारे छोटे कारागीर यातून वगळा. तुमच्या मिस्त्रींच्या पोटावर पाय कशाला? एवढं माना, आमची सगळी मतं तुमची." सगळ्यांच्या माना सज्जाकडे वळल्या. मिस्त्रींना घाम फुटला आणि, खरं सांगायचं तर, आशेला पालवीही फुटली.

ताईंनी वर पाहिलंच नाही. "नको," त्या म्हणाल्या. "पहिली सूट माझ्याच घराला दिली, तर बाकीच्यांना कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

विधेयक काठावर पास झालं. मिस्त्री घरी येऊन थेट शेडमध्ये गेले. ताई मागोमाग गेल्या.

"खुर्ची गेली त्याचं काही नाही," मिस्त्री म्हणाले. साफ खोटं होतं ते. "पण एकदा विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर माझ्यासाठी तुम्ही खुर्चीवर पाणी सोडलं असतं. म्हटलं, वाईटपणा माझ्याच पदरात पडू दे."

"ते माझं मला ठरवू द्यायचं होतंस."

ताईंनी कोपऱ्यातला झाडू उचलला. सभागृहात भल्याभल्यांना गप्प करणारी ती बाई लाकडाचा भुसा झाडत राहिली.

मिस्त्रींनी पुन्हा तो विषय काढला नाही. नवी खुर्ची दुसऱ्याच कुणीतरी केली. अध्यक्ष जरा कलले की ती करकरायची आणि माइकमुळे साऱ्या सभागृहाला ऐकू यायची. टीव्हीवर कामकाज बघताना मिस्त्री तेवढंच पुटपुटत, "मागचा डावा पाय." ताई मान खाली घालून ताटातलं चिवडत बसत.

पुढे ताईंनी निवडणूक लढवायची नाही असं ठरवलं. मिस्त्रींनी लगेच पटाश्यांना धार लावायला घेतली. ताईंनी घसा खाकरला.

"अहो, त्या कायद्यात आणखी एक कलम आहे. पद सोडल्यावरही दोन वर्षं काम घेता येत नाही."

"हा शहाणपणा कुणाचा?"

"माझाच."

मिस्त्री इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. ताईंना मात्र हसू आलं नाही.

ती दोन वर्षंही सरली, आणि खुर्ची दुरुस्त करून द्याल का, असं सभागृहाच्या व्यवस्थापकाने विचारलं. तोवर मिस्त्रींचे गुडघे बोलायला लागले होते. म्हणून हत्यारांची पेटी ताईंनी उचलली. दारावरचा पहारेकरी गडबडला, "ताई, तुम्ही?"

"आज मी मिस्त्रींच्या हाताखाली," ताई म्हणाल्या.

सभागृह रिकामं होतं. मिस्त्रींनी खुर्ची आडवी केली, गंजलेला स्क्रू काढला आणि त्या राखून ठेवलेल्या सागाची तासून आणलेली खुंटी मागच्या डाव्या पायाच्या सांध्यात ठोकून बसवली. ताई हातोडी दे, पटाशी दे, असं करत होत्या, आणि निम्म्या वेळा चुकीचं हत्यार देत होत्या. मग खुर्ची सरळ उभी राहिली.

"बसून बघ," मिस्त्री म्हणाले.

उभ्या कारकिर्दीत ताई त्या खुर्चीत कधी बसल्या नव्हत्या. त्यांनी खुर्चीच्या हातावर हात ठेवला, काढून घेतला, आणि जमिनीवर फतकल मारून बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, विचारते तुम्हाला. बसू का?"

मिस्त्रींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला.

"बस," ते म्हणाले. "आणि जरा मागे रेल."

ताई रेलल्या. खुर्चीने हूं की चूं केलं नाही.