तिच्या आवाजातली बटणं

आमचे जावईबापू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. लिफ्ट दुरुस्त करतात. कामावर एवढे पक्के, की मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावल्याशिवाय लिफ्टच्या खड्ड्यात पाय टाकणार नाहीत. घरी मात्र चालत्या वस्तूला चालू द्यायचं यांच्या जिवावर येतं. रेडिओ उघड, मिक्सर उघड. हातात धरून खेळायचा तो व्हिडिओ गेम आणला, तर जेमतेम आठवडाभर खेळले आणि त्यातली कंपनीची सिस्टीम काढून दुसरीच घातली. आता यात आपल्याला हवं ते चालतं म्हणे. मी म्हटलं, चाळिशी उलटली, आता तरी खेळणी सोडा. धाकटी तेव्हा खो खो हसली होती.

मग तिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द फुटेना. आमची धाकटी, जिच्यापुढे कुणाला तोंड उघडायची सोय नव्हती! मला तर तिच्यासमोर बसवत नसे.

जावईबापूंनी तेच खेळणं बाहेर काढलं आणि त्यात चालेल असा एक छोटा प्रोग्राम स्वतः लिहिला. पडद्यावर चित्रं: पेला, उशी, खिडकी. डाव्या अंगठ्यानं बटण दाबलं की शब्द ऐकू यायचा, आणि तोही तिच्याच आवाजात. तिच्या जुन्या फोनवरच्या व्हॉइस मेसेजमधून यांनी एकेक शब्द कापून काढला होता. पहिल्यांदा ‘पाणी’ ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरात पळाले आणि रडून घेतलं. आयुष्यभर नावं ठेवली त्या माणसाला मनातल्या मनात हात जोडले.

तिथंच थांबायचं की नाही? पण बटण दाबल्यावर आवाज यायला क्षणभर लागायचा आणि तेवढ्यात ती चिडायची. नवी सिस्टीम चपळ आहे, असं यांनी कुठंतरी वाचलं. एका दुपारी धाकटी झोपली असताना ती सिस्टीम घालायला बसले. आधी सगळ्याची नक्कल करून ठेवली, नाही असं नाही. पण ठेवली कुठं, तर त्याच यंत्रातल्या त्याच कार्डावर. म्हणजे किल्ली कपाटात ठेवून कपाट लावून घेतलं. त्यात चार्जरची पिन सैल. वायर हलली, बॅटरी मधेच संपली. यंत्र पुन्हा सुरू केलं, तर कार्ड कोरं. जुना फोन म्हणाल, तर त्यातलंही यांनी सगळं मागेच पुसून टाकलं होतं, आवाज कार्डावर आहेतच म्हणून.

ती उठली आणि यंत्रासाठी डावा हात पुढे करून राहिली. जावईबापू तिच्या पायाशी बसले.

“मी तुझा आवाज घालवला गं,” म्हणाले.

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

पुसलेलं परत मिळतं का म्हणून कार्ड दुकानात नेऊन पाहिलं, नुसती खरखर निघाली. शेवटी सगळे शब्द माझ्याकडून म्हणवून घेतले. बहिणीबहिणींचे आवाज सारखेच असतात, अशी आपली समजूत. मीही माझा फोन चाळला. मेसेज ऐकला की पुसून टाकायची माझी खोड, त्यामुळे तिचा एकच सापडला. तो यांच्यासमोर लावला.

“ताई, हे परत ते खेळणं उघडून बसलेत. चालतंय ते चालू द्या म्हटलं, तर ऐकतील तर शपथ!”

ते मान खाली घालून ऐकत राहिले. मला वाटलं, नको म्हणतील. म्हणाले, “ताई, हेही घालतो.” आणि तिच्या अंगठ्याला सगळ्यांत सोपं जाणाऱ्या बटणावर घातलं.

आता ती तेवढं एकच बटण दाबते. माझ्या आवाजातलं ‘पाणी’ तिनं एकदा ऐकलं आणि पुन्हा कधी दाबलं नाही. तहान लागली तरी तेच, कूस बदलायची तरी तेच, दुखलं तरी तेच. दिवसभर घरात तेवढंच वाक्य ऐकू येतं. जावईबापू दर वेळी हातातलं टाकून उठतात, आधी पेला दाखवतात, मग उशी, मग खिडकी, आणि ती होकाराची मान हलवेपर्यंत एकेक विचारत बसतात.