वसंतराव खाली का बसले

माझी लाज एका माणसाने मांडीखाली दाबून धरली होती. तो माणूस आज पहाटे गेला.

आमचे व्याही, वसंतराव. माझ्या वर्षाचे सासरे.

शाळा माझी अर्धीच झाली. मोबाईलवर बोलून टाईप करतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आज नाही लिहिलं तर कधीच लिहिणार नाही.

वर्षाला बघायला ही पुण्याची मंडळी आमच्या अंबरपेठच्या घरी आली, तेव्हा हॉलमध्ये कार्पेट होतं. मरून रंगाचं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी हौसेने घातलेलं.

विहीणबाई बसल्या आणि शिंकायला लागल्या. पोहे खाताना शिंका, मुलीला प्रश्न विचारताना शिंका.

जाताना जिन्यात हळूच म्हणाल्या, "मुलगी छान आहे हो, पण घराला कसला तरी कोंदट वास येतो."

मी मागेच होतो. कान तापले.

लग्न ठरलं. साखरपुडा आमच्याकडे. मी हिला म्हणालो, त्याआधी कार्पेट जाणार.

तेव्हा दुकानांत नवा नवा परदेशी माल दिसायला लागला होता. आबिड्सला एका दुकानात लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या मिळाल्या. लॅमिनेट. ओक, वॉलनट, चेरी. मला सगळं सारखंच दिसत होतं, पण तसं म्हणायची लाज. मी नमुने उन्हात नेऊन बघायचो, परत आणायचो, परत न्यायचो.

दुकानदार हसला. "चचा, शादी बेटी की है के फर्श की? कोई भी लो, अच्छाच दिखता. बस पानी नक्को डालना. गीला कपडा निचोड के पोंछना."

कार्पेट उचकटलं तेव्हा इतकी धूळ उडाली की हिने तोंडाला पदर लावला. खालच्या शहाबादी फरशीवर फोम अंथरला, त्यावर पट्ट्या एकमेकींत अडकवत गेले. खिळा नाही, सिमेंट नाही. हे जागेवर राहणार कसं, असं मी मिस्त्रीला इतकं विचारलं की शेवटी तो तेलुगूतच उत्तरं द्यायला लागला. दार घासायला लागलं, ते खालून तासलं.

पण हॉल असा चकाकत होता! मी घरच्यांना कडेकडेनेच चालायला लावलं.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी परभणीहून माझी थोरली बहीण, आक्का, आली. मी हारांचं सांगायला बाहेर गेलो, ही स्वयंपाकघरात.

परत आलो तर आक्का साडी खोचून हॉलमध्ये बादली ओततेय. हातात खराटा.

"आक्का! पाणी नको!"

"का नको? कार्पेट होतं तोवर गप बसले. या घरातली सगळी कार्यं न धुतलेल्या खोलीत झाली. आता धुता येतंय तर धुऊ दे की."

"अगं, ते लाकूड आहे!"

"मग पाट काय दगडाचे असतात? ते धुतोच ना आपण?"

मी घरातले सगळे टॉवेल काढले, पंखा फुल केला.

सकाळी बघतो तर सांधे फुगलेले. आणि बरोबर मधोमध, चौरंगासमोर, पट्ट्या वर उठलेल्या. भाजलेल्या पापडासारख्या. पाय पडला की टक्क असा आवाज.

वर सतरंजी टाकली, तर ती तंबूसारखी दिसायला लागली.

पाहुणे दारात. मला वाटलं, आता विहीणबाई जिन्यात काय म्हणतील ते कळलंच.

सगळ्यांत आधी वसंतराव आत आले. त्यांचाच पाय त्यावर पडला. टक्क.

त्यांनी खाली बघितलं. मग माझ्या तोंडाकडे.

आणि तिथेच मांडी घालून बसले.

नवऱ्या मुलाचे वडील! त्यांच्यासाठी सोफ्यावर नवी चादर घातलेली.

विहीणबाई म्हणाल्या, "अहो, वर बसा ना! गुडघा दुखतो ना तुमचा?"

"गुडघा माझा आहे. मला खाली बरं वाटतं."

मी जवळ जाऊन हात जोडले. "वसंतराव, असं नका करू, सोफ्यावर चला."

ते माझ्या कानाशी म्हणाले, "तुम्ही गप बसा. मी उठलो की तुमची फरशीपण उठेल."

अंगठ्या झाल्या, साखर वाटली, फोटो झाले. हा माणूस हलला नाही. फोटोत सगळे उभे आहेत, वसंतराव तेवढे बसलेले.

सगळे जेवायला आतल्या खोलीत गेले तेव्हा मी त्यांना हात दिला. गुडघा सरळ होईना. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या, दुखण्याने.

मी माफी मागायला लागलो तर म्हणाले, "अहो, मुलगी न्यायची आहे आम्हाला. फरशी तुमच्याकडेच ठेवा."

पुढे ते पुण्याहून मुलाकडे, इथे आमच्याच शहरात राहायला आले. दर दिवाळीला भेट. त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मीही नाही.

आज सकाळी वर्षाच्या घरी गेलो. विहीणबाई त्यांच्या उशाशी बसून बायकांना सांगत होत्या, "हट्टी होते फार. पोराच्या साखरपुड्यात जमिनीवर जाऊन बसले. पुण्याच्या नातेवाइकांत हसं झालं आमचं. मी किती बोलले, भांडले. का बसलात, तर शेवटपर्यंत सांगितलं नाही."

मी तिथेच उभा होतो. सांगायला तोंड उघडलं.

लोक होते हो खूप. चपला शोधतोय असं दाखवून बाहेर आलो.

तो माणूस समोर पडलेला, आणि मला अजून माझ्या हॉलचीच लाज.

विहीणबाई, ते हट्टी नव्हते. तुमच्यापासून आमचं घर झाकत होते. इतकी वर्षं तुमची बोलणी त्यांनी माझ्यासाठी खाल्ली.

वर्षा, हे तुझ्या सासूबाईंना आजच वाचून दाखव. मोठ्याने, सगळ्यांसमोर.

वसंतराव, माझा शेवटचा नमस्कार घ्या.