मुक्यानं जेवायचा नेम

माझी बायको भादव्याच्या काळ्या पंधरवड्यात गेली. त्याआधी चार दिवस मी तिला ताटावरून उठवलं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. वळसे घेऊन सांगणं मला जमत नाही, माझी शाळा दुसरीतच सुटली. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलं.

आमचं गाव उंद्रीपासून दोन कोसांवर. थोडी कपाशी, थोडी ज्वारी, धुऱ्यानं, बांधाच्या कडेनं, तूर. घरात आम्ही दोघंच. एकच पोरगी, ती तिकडं लांब सोनाळ्याला दिलेली. तिची पहिली दोन बाळंतपणं रिवाजाप्रमाणं आमच्या घरी झाली आणि दोन्ही लेकरं गेली. पहिलं सटवीच्या पूजेच्या दुसऱ्या दिवशी. दुसरं बारशाच्या आधी. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिच्या सासूनं निरोप धाडला की या वेळेस पोरगी पाठवत नाही, तुमच्याकडचं पाणी लेकरांना सोसत नाही. सासूचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण बायकोनं ते जिवाला लावून घेतलं. आठ दिवस दळताना तिची ओवी ऐकू आली नाही, नुसतं जातं फिरायचं. मग आषाढी एकादशीला आंघोळ करून ती देवापुढं बसली, हातावरून पाणी सोडलं आणि नेम धरला. कार्तिकीपर्यंत एक वेळ जेवायचं आणि तेही मुक्यानं. लेकरू वाचावं म्हणून.

हा नेम आमच्याकडं बाया चातुर्मासात धरतात. घास तोंडात घेतल्यापासून हात धुवेपर्यंत बोलायचं नाही. हूं सुद्धा नाही. हातानं खुणा केल्या तर चालतात. पण एक शब्द तोंडातून गेला की ताट बाजूला सारून उठायचं आणि पुन्हा जेवायचं ते दुसऱ्या दिवशीच.

मला देवाचं फार वेड कधी नव्हतं. मारुतीला शनिवारी तेल घालायचो, पोळ्याला बैल देवळापुढून न्यायचो, झालं. घरातले देव तिचे. सकाळी ती देवांचे टाक धुवायची, हळद-कुंकू लावायची, तुळशीला पाणी घालायची आणि मग चुलीला हात लावायची. मी कधी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

पण या नेमाचा मला राग आला. त्याचं कारण सांगतो. मी सकाळीच शेतात जायचो, दुपारी भाकर खायला घरी. मी आधी जेवायचो, ती मागून. ती जेवायची तेव्हा मी तिथंच भिंतीला टेकून सुपारी कातरत बसायचो आणि ती जेवता जेवता सगळं सांगायची. कोणाच्या घरी काय झालं, विहिरीवर कोण कोणाला काय बोललं, कोणाची म्हैस आटली. आमचं नवरा-बायकोचं बोलणं म्हणून जे काही होतं ते तेवढंच. आता ती समोर बसून गुपचूप खायची आणि मी अडकित्त्याचा आवाज ऐकायचो. मला वाटायचं, आपण मेलो की काय.

म्हणून पहिल्याच आठवड्यात मी तिची गंमत केली. ती जेवत होती आणि मी एकदम म्हणालो, "अवं, पाल. तुह्या लुगड्यावर."

"अगं माय, कुठी?" ती उठून पदर झाडायला लागली. पाल कुठून असणार. मी हसायला लागलो. तिनं माझ्याकडं पाहिलं, ताट झाकून ठेवलं, हात धुतला.

"आता?"

"आता उद्या," ती म्हणाली.

रागावली पण नाही. मी ही गोष्ट पारावर सांगितली आणि लोक पोट धरून हसले. शेजारी माझी चुलती राहायची, म्हातारी, बालविधवा, जिभेनं तिखट. तिच्या कानावर गेलं तेव्हा ती अंगणात येऊन मला म्हणाली, "बायकोले उपाशी ठेवून हसतं मेल्या? तुह्या दातात किडे पडतीन."

"तिनं स्वतःच धरला ना नेम, काकू. म्या थोडीच सांगतला होता."

"तुह्या पोरीसाठीच धरला ना. का शेजारणीच्या?"

मी बैलांना पाणी दाखवायला निघून गेलो. पण सुधारलो पण नाही. डवरणीच्या, पिकात कोळपं फिरवायच्या दिवसांत बैल लंगडायला लागला, त्यावरून एकदा मी डोकं फिरवून घेतलं आणि ती जेवत असताना ओरडलो, की बोल, बैल कोणी बांधला होता, बोल. ती बोलली आणि उठली. असं चार-पाच वेळा झालं असेल. श्रावण संपेपर्यंत तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या होत्या.

पोळा झाला, गणपती गेले आणि तिला हिवताप धरला. त्या वर्षी गावात घराघरात तो होता. मी उंद्रीच्या पोस्टातून हिवतापावरच्या कोयनेलच्या पुड्या आणल्या. पोस्टातल्या माणसानं बजावून सांगितलं की काही खाल्ल्यावर द्या, रिकाम्या पोटी पोटात ठरत नाही. तीन दिवस तिच्या तोंडात अन्न गेलं नाही. चौथ्या दिवशी ताप उतरला. चुलतीनं ज्वारीच्या कण्या शिजवून आणल्या, वर ताक घातलं, आणि ही भिंतीला टेकून जेवायला बसली. मी पुडी हातात घेऊन बाहेर ओट्यावर बसलो होतो, ती जेवली की देऊ म्हणून.

तेवढ्यात सोनाळ्याचा माणूस आला. जावयाचा चुलतभाऊ. खामगावला कामासाठी आला होता, तिथून वाट वाकडी करून आमच्याकडं. पाणी प्यायच्या आधीच म्हणाला, "मामा, पोरगा झाला. आज नववा दिवस. दोघं बी बरे हायेत. आत सांगा."

मी आत गेलो. तिचे तीन-चार घास झाले असतील. मला चार घास अजून थांबता आलं असतं. नाहीतर सरळ एका दमात सांगता आलं असतं, पोरगा झाला, बरा आहे, तू जेव. तिला तोंड उघडायची गरजच पडली नसती. मी दोन्हीतलं काही केलं नाही. मी म्हणालो, "सोनाळ्याचा माणूस आला."

आणि गप्प उभा राहिलो.

तिचा घास तोंडापाशीच थांबला. तिनं डाव्या हातानं विचारलं, काय? मला कळलं. मी न कळल्यासारखं केलं. तिनं हात पोटाशी नेला, मग दोन्ही हात पाळण्यासारखे केले आणि माझ्याकडं पाहिलं. उजव्या हातातल्या कण्या तिच्या लुगड्यावर सांडत होत्या. मला सगळं कळत होतं. पण मला बघायचं होतं की ही आता तरी माझ्याशी बोलते का. दोन महिन्यांवर ती जेवताना मी भिंतीशी बोललो होतो. तेवढंच माझ्या मनात होतं, दुसरं काही नव्हतं.

ती म्हणाली, "जित्तं हाय का?"

"पोरगा हाय. नऊ दिवसाचा. दोघं बी बरे हायेत."

तिनं डोळे मिटले. तोंडातल्या तोंडात देवीचं नाव घेतलं. मग ताट सारलं आणि भिंतीला धरून उठायला लागली. मी म्हणालो, "अवं, आजारी माणसाले नेम नसते. जेव. कोणी पाह्यत नाही." चुलती धावत आली, ती पण म्हणाली, "बस वं माय, देव काय एवढा निष्ठुर नाही."

"नाही काकू," ती म्हणाली. "लेकरू नऊच दिवसाचं हाय. आत्ता नाही मोडत मी."

तशीच पुडी दिली. ती अर्ध्या तासात उलटीतून बाहेर पडली. रात्री ताप पुन्हा चढला. दुसऱ्या दिवशी तिला जेवायची शुद्ध नव्हती, तिसऱ्या दिवशी पाणी सुद्धा घशाखाली जाईना. मधे एकदा चांगली जागी झाली तेव्हा मला म्हणाली, "मी उठले ना ताटावरून? नेम राह्यला ना?"

"राह्यला."

"उरलेले दिवस तुमी बसा. हसू नका आता."

चौथ्या दिवशी सकाळी गेली.

सुतकात नवरात्र आलं. आमच्या घरी त्या वर्षी घट बसला नाही. तिचे टाक पाटावर तसेच धूळ खात होते. तेरावं झाल्यावर मी गावच्या जोशीबुवांना विचारलं की बायकोचा नेम नवऱ्यानं पुरा केला तर देवाला चालतो का. ते म्हणाले चालतो, आणि शेवटी देवळात एक घंटा बांधावी लागते. मी म्हणालो, "बुवा, ती किती तरी दिवस अर्ध्या जेवणातून उठली. ते दिवस मोडलेले धरायचे का?" ते म्हणाले, "उठली म्हणून तर नेम राहिला. बसून जेवली असती तर मोडला असता." त्यांना वाटलं मला बरं वाटेल.

दुसऱ्या दिवसापासून मी बसलो. भाकरी चुलती द्यायची. पहिल्याच दिवशी कुत्रं घरात शिरलं, माझ्या तोंडून शिवी गेली आणि मी उठलो. पारावरची मंडळी मुद्दाम जेवायच्या वेळेस यायची. एक जण दारात बसून म्हणायचा, "काऊन बे, दातखीळ बसली का? तुह्यासारख्या बोलक्याचं तोंड बंद झालं म्हणजे पाऊस उलटा पडीन." पहिले एक-दोन दिवस मला पण हसू आलं. नंतर ते आपणहून यायचे थांबले. बोलायचं नाही म्हटलं की माणूस स्वतःचं चावणं ऐकतो. महिना आणि वर तीन-चार दिवस मी ते ऐकलं. कधी कधी समोरच्या भिंतीकडं बघायचो आणि वाटायचं, कोणी आत येऊन अर्धीच गोष्ट सांगून उभं राहिलं तर? मी काय केलं असतं? मी तर पहिल्या झटक्यात बोललो असतो. ती किती वेळ हातानं विचारत होती.

कार्तिकीला मारुतीच्या देवळात घंटा बांधली. लेकरू जिवंत होतं. नेमानं वाचलं की सोनाळ्याच्या पाण्यानं, मला सांगता येत नाही. मला विचारू पण नका.

पंधरा दिवसांनी पोरगी लेकराला घेऊन आली. आल्या आल्या रडली, देवापुढं रडली, टाक घासून लख्ख केले. दुपारी मी जेवून भिंतीला टेकलो आणि ती जेवायला बसली, लेकरू मांडीवर. बाळंतपणानं तोंड उतरलेलं, भूक मोठी. चुलती दारात बसून तूर पाखडत होती. नेमाचं पोरीला कळलं होतं. निरोप आला तेव्हा आई जेवत होती, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

"बाबा, माझं समजलं तवा आई काय म्हणली?"

"जित्तं हाय का म्हणली."

"मंग?"

"मंग मी सांगतलं, पोरगा हाय म्हणून."

"मंग जेवली ना ती त्या दिवशी? पोटभर?"

चुलतीचं सूप थांबलं. पोरीच्या हातात घास होता आणि ती माझ्याकडं बघत होती. खरं सांगितलं असतं तर ती पण ताटावरून उठली असती. एका घरात मी दोघींना उठवणार नव्हतो.

"हाव," मी म्हणालो. "जेवली."

पोरीनं घास तोंडात घातला. चुलतीनं सूप खाली ठेवलं, चुलीजवळ गेली आणि पोरीच्या ताटात अजून अर्धी भाकर टाकली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.