फळ्यापुढचा पहारा

नोकरीतल्या पुष्कळ घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही तेवढी वेगळी राहिली.

तेव्हा मी परभणी जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. देवगाव फाट्याजवळच्या एका गावात, मारुतीच्या पारासमोर, एक निवृत्त गुरुजी फळा लिहीत. रोज एक बातमी आणि एक सवाल. पावसाळ्यात गावातली एक बाई साप चावून गेली. रीतीप्रमाणे तिला आधी देवळात नेलं, कडुलिंबाचा पाला चारला. दवाखान्याला उशीर झाला. गुरुजींनी लिहिलं, 'साप चावला तर आधी दवाखाना, मारुती नंतर.'

'मारुतीचा अपमान' असं जोडून फळ्याचा फोटो मोबाइलवर फिरला. कोणी ओळ पुसली की गुरुजी पुन्हा लिहीत. दिवाळीनंतर एका संध्याकाळी शेताच्या वाटेवर तिघांनी त्यांना अडवलं. तोंडाला रुमाल होते. खिशाला हात न लावता त्यांनी गुरुजींचा उजवा हात मोडला. फक्त लिहायचा हात.

दवाखान्यात जबाब दिल्यावर गुरुजींनी विचारलं, "फळा जागेवर आहे ना?"

दुसऱ्या दिवशी गावची जाणती मंडळी ठाण्यात आली. "साहेब, झालं ते वाईट झालं. पण गुरुजींवर बी गुन्हा घ्या. गावाच्या भावना दुखावल्यात. फळा काढून टाका, गाव शांत ऱ्हाईल."

मी म्हणालो, "भावना दुखावल्या तर फिर्याद द्या, मी वाचीन. हात मोडायचा परवाना भावनेला मिळत नाही. फळा तिथंच राहील."

चहा न घेताच मंडळी उठली.

तपास अडला होता. मग फाट्यावरच्या हॉटेलवाल्याने, आमच्या जुन्या खबऱ्याने, बातमी आणली. "साहेब, गावातला तो ट्रॅक्टरवाला चप्पल घालून फिरायलाय."

"मग? चोरीची आहे का?"

"चोरीची न्हाई हो! पोळ्यापासून अनवाणी होता गडी. नवस होता म्हणं. गुरुजींचा हात मोडला आन् दुसऱ्या दिवशी पायात चप्पल आली."

ट्रॅक्टरवाल्याला चौकशीला बोलावलं. तिशीतला, धडधाकट, कपाळावर शेंदूर. आपण त्या संध्याकाळी शेतातली पाण्याची मोटर चालू करायला गेलो होतो, हे त्याचं पाठ होतं. दोन मित्रही तेच सांगत होते, अगदी त्याच शब्दांत. खरं सांगणाऱ्यांचे शब्द इतके जुळत नाहीत. मी मोटरीचा विषय सोडला.

"नवस फिटला वाटतं?"

तो चमकला. "फिटला."

"कशाचा होता?"

त्याने पायातल्या चपलेकडे पाहिलं.

"बहिणीच्या लग्नाचा म्हण, पिकाचा म्हण. लिहून घेतो."

त्याने पाय खुर्चीखाली ओढले. "नवसाचं खोटं सांगता येत न्हाई, साहेब."

"मग खरं सांग."

"त्यो हात बंद व्हावा म्हणून बोललो होतो."

ठाण्यातली कबुली कोर्टात टिकत नाही. म्हणून पंचांसमोर निवेदन घेतलं आणि त्याने दाखवलेल्या विहिरीतून ट्रॅक्टरचा लोखंडी पाना काढला. मित्रांनाही अटक झाली. पुढे तिघांना शिक्षा लागली.

हा माणूस ढोंगी असता तर मी त्याला लवकर विसरलो असतो. देवाशी खोटं बोलायला तो भ्याला. म्हाताऱ्याचं हाड मोडताना भ्याला नाही. श्रद्धा खरी आहे म्हणून कृत्य न्याय्य ठरत नाही, आणि लोकशाहीत पोलिसाने राखायचा असतो तो बोलणाऱ्याचा जीव. गावाची गप्प बसलेली शांतता नव्हे. फळ्यावरचं पटतं की नाही, हा माझा प्रश्नच नव्हता.

गुरुजी परतले तेव्हा मी फळ्यापाशी होमगार्ड नेमला. पहिल्याच सकाळी त्याचा फोन आला.

"साहेब, गुरुजींनी डाव्या हातानं लिहिलंय. वाकडंतिकडं हाय, पण वाचता येतंय."

"काय लिहिलंय?"

"आपल्याच ठाण्यावर हाय. 'तक्रार द्यायला आलेल्या बाईला पोलीस दिवसभर बाकड्यावर का बसवतात?' पुसू का?"

"तुला तिथं पुसायला ठेवलंय की राखायला?"

फोन ठेवला आणि ठाणे अंमलदाराला हाक मारून विचारलं, ती बाई कोण होती.