उताणी पडलेली टॅरंटुला
ओल्या काथ्याच्या भुशाचा वास आला की मला माझी पहिली टॅरंटुला, पाळलेली मोठी केसाळ कोळीण, आठवते. तुमचे आजोबा गेल्यावर भेटायला येणाऱ्यांशी बोलून मी थकले होते. ती मात्र काचपेटीत त्या भुशावर तासन्‌तास निवांत बसायची, काहीच विचारायची नाही. एका सकाळी ती उताणी पडलेली दिसली. आमच्या वाडीत मेलेला जीव माडाच्या आळ्यात पुरतात, तेवढंच खत. कामाची बाई म्हणाली, "आजी, मेली ती. द्या हिकडं, माडाला तरी लागंल." मी उचलायला हात घातला, तर एक पाय हलला. ती कात टाकत होती; या कोळिणी उताण्या पडूनच कात टाकतात. दुपारी जुन्या कातीतून ओली, फिकट अशी बाहेर आली आणि तशीच पडून राहिली. "दमली वो," बाई हळूच म्हणाली. हल्ली फोनवर तुम्ही विचारता, आजी गप्प का? मेले नाही, बाळांनो. थोडा वेळ द्या.